एक मिलिमीटर आणि तीस हजार किलोमीटर

जमिनीवर अंथरलेल्या, पाण्यानं भरलेल्या काळ्या पाइपाला एक मिलिमीटरचं छिद्र पडलं आहे असं समजा. जाडसर टाचणी आरपार जाईल, एवढंच. पाइपातला दाब तीस मीटर उंचीच्या पाण्याचा, म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला मिळतो तेवढा. या दाबानं त्या छिद्रातून पाणी सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेगानं बाहेर झेपावतं. छिद्र इतकं लहान की मिनिटाला पाऊण लिटरही जमत नाही. पण दिवसाची १,४४० मिनिटं मोजली की हिशेब ९९० लिटरवर जातो आणि वर्षाचा साडेतीन लाख लिटरच्याही पुढे.

घरातला नळ सेकंदाला एक थेंब ठिबकत असला तर आपल्याला रात्री झोप लागत नाही. त्या ठिबकण्यातून दिवसभरात सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी जातं. टाचणीएवढं छिद्र त्याच्या सव्वादोनशे पट पाणी घालवतं, आणि ते जर माळरानात वस्तीपासून वीस किलोमीटरवर असेल तर त्यामुळे कुणाचीच झोप मोडत नाही.

छिद्राचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट जातं. दोन मिलिमीटरला दिवसाला जवळजवळ चार हजार लिटर, पाच मिलिमीटरला २४,७०० लिटर. तापलेल्या प्रदेशात चरणारी मोठी गाय दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी पिते. आपण ७० धरू. म्हणजे एक मिलिमीटरचं छिद्र चौदा गाईंचं पाणी ‘पितं’, आणि पाच मिलिमीटरचं साडेतीनशे गाईंचं. ही सगळी आकडेमोड शाळेतल्या भौतिकशास्त्राची आहे. तिचा अर्थ नीट कळायचा तर ती एखाद्या खऱ्या प्रदेशावर लावून पाहायला हवी, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागासारखी दुसरी जागा नाही. गुरांना पाणी पाजण्यासाठी माणसानं इतक्या विस्तारावर केलेली धडपड, इतकी नासाडी आणि नंतर इतक्या चिकाटीनं केलेली दुरुस्ती क्वचितच कुठे पाहायला मिळते.

त्या अंतर्भागाखाली ‘ग्रेट आर्टेशियन बेसिन’ नावाचा भूजलाचा साठा पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाच महाराष्ट्र. काही ठिकाणी त्याचा तळ तीन किलोमीटर खोल आहे. त्यात मावलेल्या पाण्याचा अंदाज ६४,९०० घन किलोमीटर असा सांगितला जातो. १०५ टीएमसीचं कोयना धरण काठोकाठ भरलं तर त्यात तीन घन किलोमीटरच्या आतच पाणी असतं. तेव्हा अशी पावणेबावीस हजार कोयना धरणं त्या खडकाखाली आहेत. यातलं काही पाणी दहा-वीस लाख वर्षांपूर्वी पावसाच्या रूपानं पडलेलं आहे. तेव्हापासून ते वालुकाश्माच्या थरांतून वर्षाला काही मीटर अशा गतीनं सरकत आलं.

हे पाणी दाबाखाली आहे. वरचा अभेद्य थर भेदला की बऱ्याच ठिकाणी मोटर न लावताच ते उसळून वर येतं. न्यू साउथ वेल्समधल्या बर्कच्या परिसरात १८७८ साली पहिलं बोअर पडलं आणि पुढच्या चाळीस वर्षांत मेंढपाळ आणि गुरं पाळणारे या पाण्याच्या मागे धावत सुटले. १९१५च्या सुमारास सुमारे १,५०० बोअर वाहती होती आणि त्यांतून दिवसाला २०० कोटी लिटर पाणी जमिनीवर येत होतं. आपल्या ७० लिटरच्या हिशेबानं ते पाणी रोज २ कोटी ८० लाख गुरांना पुरलं असतं. आज त्या साऱ्या देशात अडीच-तीन कोटींच्या घरात गुरं आहेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी त्या बोअरांतून जे पाणी रोज वर येत होतं, त्यात आजच्या ऑस्ट्रेलियातली जवळपास प्रत्येक गाय, बैल आणि वासरू पोटभर पाणी प्यालं असतं.

पण प्यायला तेवढी जनावरं नव्हती. पाणी नेण्याची रीत अगदी साधी होती: बोअरच्या तोंडापासून नांगरानं एक उघडा पाट काढायचा आणि उताराला लागून तो मैलोन् मैल सोडून द्यायचा. बोअरच्या तोंडाला झडप नसे. दिवस असो की रात्र, उन्हाळा असो की पाऊस, गुरं त्या कुरणात असोत की नसोत, पाणी वाहतच राही. अशा पाटांतून गेलेल्या पाण्यापैकी ९० ते ९५ टक्के पाणी वाफ होऊन किंवा मातीत जिरून नाहीसं व्हायचं. त्या कोरड्या प्रदेशात उघड्या पाण्याचा वर्षाला अडीच मीटरचा थर सहज उडून जातो. दोन मीटर रुंदीचा एक किलोमीटर पाट धरला तर नुसत्या बाष्पीभवनात वर्षाला ५० लाख लिटर पाणी जातं, म्हणजे रोज जवळपास दोनशे गुरांचं. एका किलोमीटरला हे, आणि जिरणारं पाणी यात धरलेलंच नाही. असे पाट वीस हजार किलोमीटरांहून अधिक होते.

मला या आकड्यांपुढे थांबावंसं वाटतं, कारण ही ‘गळती’ तेव्हा कुणालाच गळती वाटत नव्हती. पाणी डोळ्यांसमोर वाहत होतं आणि गुरं काठावर उभी राहून पीत होती. मग हळूहळू जमिनीखालचा दाब उतरला. अनेक बोअर आपोआप वाहायची थांबली. आणि हजारो वर्षं त्या वाळवंटात जिवंत असलेले, मातीच्या उंचवट्यांमधून उमलणारे अनेक झरे आटले. ज्या झऱ्यांच्या आधारानं तिथल्या आदिवासी समाजांचे प्रवासमार्ग ठरले होते, ज्यांत दुसरीकडे कुठेही न सापडणारे मासे आणि गोगलगाई राहत होत्या, ते झरे पाटांनी मारले.

१९९९ साली तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी एकत्र येऊन एक कार्यक्रम सुरू केला. बोअरच्या तोंडाला झडप बसवायची, उघडा पाट बुजवायचा आणि पाणी पाइपातून टाक्यांकडे आणि टाक्यांतून हाळांकडे, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या कुंडांकडे, न्यायचं. २०१७ पर्यंत साडेसातशेहून अधिक बोअर ताब्यात आली आणि सुमारे तीस हजार किलोमीटर पाइप टाकून झाला. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. हा पाइप त्याला पाऊण वेढा घालेल. यातून दर वर्षी वाचलेलं पाणी सुमारे २५० अब्ज लिटर, म्हणजे पावणेनऊ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला धरणात १.९७ टीएमसी पाणी मावतं. दर वर्षी त्याच्या साडेचार पट पाणी आता खडकातच राहतं.

इथून पुढची गोष्ट पाइपाची. पाट बुजला म्हणजे गळती संपली असं नाही. गळतीचं रूप फक्त बदललं. पूर्वी ती वीस हजार किलोमीटर लांब आणि दोन मीटर रुंद होती. आता ती सांध्यासांध्यांत, झडपांत आणि टाचणीच्या छिद्रांत विभागली गेली. कुरणातला बराच पाइप जमिनीत पुरतात, पण पुष्कळ ठिकाणी तो तसाच उघड्यावर, कुंपणाच्या तळाच्या तारेखालून पसरलेला असतो. खडक फोडायचा खर्च परवडत नाही, कुरणाचे भाग बदलले की लाइनही हलवावी लागते, आणि शेकडो किलोमीटर चर खणायला माणसं कुठून आणायची? दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे गुरांचं एकच स्टेशन, म्हणजे एकाच मालकीचं चराऊ रान, सुमारे २३,७०० चौरस किलोमीटरचं आहे. आपल्या राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. त्याचं क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर.

उघड्यावरच्या पाइपाचा पहिला शत्रू सूर्य. आपण समजतो सूर्य प्लॅस्टिक जाळतो. ते खरं, पण त्यावर उपाय जुना आहे. पॉलिथिनमध्ये दोन ते अडीच टक्के काजळी मिसळतात, ती अतिनील किरणं शोषून घेते आणि पाइप वर्षानुवर्षं टिकतो. पाइप काळा असतो तो त्यामुळे. आता हा काळेपणाच दुसरं संकट आणतो: काळा पाइप तापतो. भर उन्हात, पाणी स्थिर असेल तर, तो ६० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि वाळवंटी रात्री दहा-पंधरा अंशांपर्यंत निवतो.

पॉलिथिन तापलं की वाढतं, आणि फार वाढतं. एक किलोमीटर पाइप एका अंशाला १५ ते २० सेंटिमीटर लांबतो. १८ धरू. दिवसरात्रीत ४० अंशांचा फरक पडला तर तो एक किलोमीटर पाइप सव्वासात मीटर वाढतो आणि पहाटेपर्यंत तेवढाच आक्रसतो. म्हणजे रोज साडेचौदा मीटरांची ये-जा. ती वर्षभर मोजली तर पाच किलोमीटरांच्या पुढे जाते. जमिनीवर निपचित पडलेला दिसणारा पाइप आपल्या लांबीच्या पाचपट अंतर वर्षाला चालत असतो, खड्यांवरून, काट्यांवरून, कुंपणाच्या खांबांना घासत. दर दिवशी एकाच धारदार दगडावरून तोच भाग सरकला की काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून जाणते लोक उघड्यावरचा पाइप कधी ताणून सरळ टाकत नाहीत. त्याला नागमोडी ढील देतात. शक्य झालं तर थंड वेळी, सकाळी सांधे जोडतात. कारण भर दुपारी, पाइप तापून लांबलेला असताना ताणून सांधा जोडला तर त्याच रात्री तो पाइप आक्रसून दोन्हीकडून कपलरला, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या सांध्याला, ओढतो. ५० मिलिमीटर पाइपाची ही ओढ शेकडो किलोंची होऊ शकते. उन्हाळ्यात नीट चाललेली लाइन थंडीच्या पहिल्या कडाक्यात सांध्यांतून निसटते, त्याचं कारण बहुतेक वेळा कपलर वाईट होता हे नसतं. पाइपाला आक्रसायला जागा ठेवलेली नव्हती, हे असतं.

ताप आणखी एक गोष्ट करतो. २० अंशांना जो पॉलिथिन पाइप साडेबारा बार दाब सोसेल असं सांगून विकला जातो, तो ४० अंशांना त्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा थोडा कमी, सव्वानऊ बारच्या आसपास, सोसतो. त्याच्या पुढच्या तापमानाला आणखी कमी. पाणी वाहत असेल तर पाइप थंड राहतो. भर दुपारी गुरं झाडाखाली बसलेली असतात, हाळ भरलेली असते, बॉलकॉक बंद असतो. पाणी थांबलेलं, पाइप तापून मऊ झालेला, आणि वाहताना घर्षणात जाणारा दाबही आता पुरा परतलेला. म्हणजे पाइप सर्वांत दुबळा असतो त्याच घटकेला त्याच्यावर सर्वांत जास्त भार असतो. ग्रेट आर्टेशियन बेसिनमध्ये तर पाणीच खालून कढत येतं. क्वीन्सलंडमधल्या बर्ड्सव्हिल गावच्या बोअरचं पाणी ९८ अंशांना वर येतं, इतकं की त्या उष्णतेवर गावानं अनेक वर्षं वीज तयार केली. अशा ठिकाणी पाणी आधी निववतात आणि मगच प्लॅस्टिकच्या पाइपात सोडतात.

आता सांध्यांचा हिशेब. माझ्या मते गळतीच्या साऱ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. पाइप सहा मीटरच्या तुकड्यांत आणला तर तीस हजार किलोमीटरला पन्नास लाख सांधे लागतील. तोच पाइप दोनशे मीटरच्या बंडलांत आणला तर दीड लाख. समजा सांधा उत्तम आहे, हजारात एकच वर्षाला गळतो. पन्नास लाखांत वर्षाला पाच हजार गळत्या होतील, रोज चौदा. दीड लाखांत वर्षाला दीडशे. सांध्याचा दर्जा तोच, कारागीर तोच. फक्त संख्या बदलली. म्हणून गळती रोखण्याची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे सांधा न करणं. आणि जिथे करावाच लागतो तिथे शक्यतो पाइपाची दोन्ही टोकं दोनशेहून अधिक अंशांच्या तव्यावर वितळवून एकमेकांत दाबतात. नीट जमला तर तो जोड पाइपाइतकाच पक्का होतो आणि त्यात निसटायला काही उरत नाही.

सांध्यांच्या संख्येची भीती काय असते हे पश्चिम ऑस्ट्रेलियात शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींना पाणी नव्हतं. अभियंता सी. वाय. ओकॉनर यांनी पर्थजवळच्या मुंडारिंग धरणापासून ५३० किलोमीटर लांब, ७६० मिलिमीटर व्यासाची पोलादी लाइन टाकून, वाटेत आठ पंपिंग स्टेशनं उभारून, दिवसाला ५० लाख गॅलन म्हणजे सव्वादोन कोटी लिटरहून अधिक पाणी चढावर नेण्याची योजना मांडली. पाइपाचा एक तुकडा साडेआठ मीटरचा. असे सुमारे साठ हजार. तेवढेच सांधे.

त्या काळी पोलादी पाइप म्हणजे पत्रा वळवून रिव्हेटनी शिवलेला. एकेका रिव्हेटला छिद्र, आणि छिद्र तिथे गळती. मेलबर्नचे मेफन फर्ग्युसन यांनी यावर जो तोडगा काढला तो अप्रतिम होता: दोन अर्धगोल पत्रे, आणि त्यांच्या लांबीच्या कडा दोन खाचदार पोलादी पट्ट्यांत घालून दाबायच्या. रिव्हेट एकही नाही. लांबीच्या शिवणीची गळती अशी मिटली. उरले आडवे सांधे. त्यांच्यावर पोलादी कडं चढवून मधल्या फटीत शिसं ठासत.

आता कल्पना करा की साठ हजार सांध्यांपैकी प्रत्येकात एक मिलिमीटरचं छिद्र आहे. आपल्या तीस मीटर दाबाच्या हिशेबानं रोज सहा कोटी लिटर पाणी गेलं असतं. पंप देणार होते सव्वादोन कोटी. म्हणजे कालगुर्लीला एक थेंबही पोचला नसता; पाणी अर्ध्या वाटेच्याही आत संपलं असतं. आणि त्याच साठ हजार सांध्यांतून सेकंदाला फक्त एक थेंब ठिबकला असता तर? दिवसाला अडीच लाख लिटरच्या थोडं वर, एकूण पाण्याच्या सव्वा टक्क्याच्याही आत. योजना फसणं आणि यशस्वी होणं यांत एवढंच अंतर होतं: सांध्यात थेंब की टाचणी.

पाणी पोचण्याआधीच ओकॉनर यांच्यावर वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी कठोर टीका चालवली होती. १० मार्च १९०२ रोजी त्यांनी आपलं जीवन संपवलं. २४ जानेवारी १९०३ रोजी कालगुर्लीत या पाण्याचं समारंभपूर्वक उद्घाटन झालं. पूर्ण प्रवाहानं ते पाणी त्या नळातून सेकंदाला साठ सेंटिमीटरहूनही कमी गतीनं, चालत्या माणसाच्या निम्म्या वेगानं जाई आणि त्याला दहा दिवस लागत. एका वेळी त्या लाइनच्या पोटात २४ कोटी लिटर पाणी असे.

पुढे जे झालं ते आपल्या विषयाशी नेमकं जुळतं. ती लाइन मुळात चरात पुरलेली होती. तिथल्या खारट मातीनं पोलाद बाहेरून खाल्लं, गळत्या वाढत गेल्या आणि पुरलेल्या पाइपातली गळती शोधणं म्हणजे जमीन ओली दिसेपर्यंत वाट पाहणं. १९३०च्या दशकात अभियंत्यांनी लाइन उकरून जमिनीवर आणली आणि शिशाचे सांधे काढून वेल्डिंग केलं. जमिनीवर आल्यावर तिला ऊन लागलं. पोलाद पॉलिथिनपेक्षा पंधरापट कमी वाढत असलं तरी ५३० किलोमीटरची लाइन मोकळी सोडली तर एका अंशाला ६.४ मीटर लांबेल, तीस अंशांना १९० मीटर. जखडून ठेवलेलं पोलाद हा ताण पोटात घेऊ शकतं. ती लाइन आजही चालते, एक लाखाहून जास्त माणसं आणि वाटेतली शेतं, मेंढ्यांची कुरणं तिच्यावर जगतात. उघड्यावर ठेवणं म्हणजे निष्काळजीपणा, असा आपला समज असतो. त्या लाइननं उलट दाखवून दिलं आहे: दिसणाऱ्या पाइपाची गळती दिसते.

दाबाकडे मात्र लोक फार कमी लक्ष देतात याचं मला वाईट वाटतं. टेकडीवर टाकी आणि १२० मीटर खाली हाळ असेल तर बॉलकॉक बंद होताच खालच्या टोकाला १२ बार दाब येतो. प्लॅस्टिकच्या पाइपाला गोल छिद्र असेल तर गळती दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पण लांबीच्या दिशेनं चीर गेली असेल तर दाब वाढला की चीरच उघडते, आणि गळती दाबाच्या दीड घातांकानं किंवा त्याहूनही जलद वाढू शकते. त्याच उतारावर मध्ये दोन लहान टाक्या ठेवून दाब तोडला, १२ बारचे चार-चार केले, तर त्या चिरेतून जाणारं पाणी एक-पंचमांशावर येतं. चीर न बुजवता.

शिवाय धक्का. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं की वाहतं पाणी एकदम अडवलं तर दाबाची लाट उठते आणि ती त्या पाइपातल्या ध्वनीच्या वेगानं मागे धावते. पोलादी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणारं पाणी अचानक थांबलं तर दहा बारच्या वर धक्का बसतो. पॉलिथिन लवचीक, त्यात तीन बारच्या आसपास. लाट किलोमीटरभर जाऊन परत यायला पॉलिथिनमध्ये सुमारे सात सेकंद घेते. म्हणून एक किलोमीटरच्या लाइनवरचा कॉक सात सेकंदांपेक्षा सावकाश बंद करावा. हाताला एवढं वळण लावायला पैसे पडत नाहीत, आणि त्यानं शेवटचा कपलर वाचतो.

आणि जनावरं. रानटी डुकरं, डिंगो नावाचे रानकुत्रे, काकाकुवा हे सगळे प्लॅस्टिक कुरतडतात. गाय पाइपावर पाय देते. वणवा पेटला तर उघडा पाइप आधी वितळतो. त्यातल्या त्यात सुरक्षित जागा कुंपणाखाली, जिथे खूर पडत नाही आणि वाढलेलं गवत पाइपावर सावली धरतं. थंड मुलखात पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. पाइप लवचीक असल्यानं बहुधा वाचतो, पण पितळी कॉक आणि कडक प्लॅस्टिकचे सांधे तडकतात. त्यामुळे तिथे हिवाळ्याआधी लाइन पूर्ण रिकामी करतात. एवढं सगळं सांभाळूनही सर्वांत मोठी गळती बहुतेकदा पाइपात नसतेच. ती हाळेच्या बॉलकॉकमध्ये असते. मिनिटाला २५ लिटर देणारा बॉलकॉक खडा अडकून उघडाच राहिला तर दिवसाला ३६,००० लिटर पाणी हाळेवरून सांडतं, म्हणजे पाचशे गुरांचं दिवसाचं पाणी. आणि गुरं तो चिखल तुडवत असल्यामुळे ओल पाहून कुणाला शंकाही येत नाही.

हे सगळं पाण्याच्या किमतीचं नाही, जिवाचं आहे. २२,५०० लिटरची टाकी तिथल्या कुरणांत नेहमीची. पाच मिलिमीटरच्या छिद्रानं ती बावीस तासांत रिकामी होते. संध्याकाळी एखादी फेरी मारून माणूस घरी गेला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला गेला, तर ४५ अंशांच्या उन्हात हाळेवर आलेल्या शेकडो जनावरांना कोरडी हाळ चाटावी लागते. तहानेनं व्याकूळ गाई दूर जात नाहीत. ज्या हाळेला पाणी असायचं तिथेच त्या उभ्या राहतात.

म्हणून पाणी-फेरी हा तिथे रोजच्या कामाचा भाग असतो. उन्हाळ्यात कुणीतरी दिवसचा दिवस गाडीनं, मोटरसायकलनं, काही ठिकाणी लहान विमानानंही टाक्या आणि हाळा तपासत फिरतं. अलीकडे टाकीवर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवून ती माहिती उपग्रहामार्गे घरी मागवतात. पण पातळी उतरलेली कळते तेव्हा गळती मोठी झालेली असते. छोटी गळती पकडायची तर मीटर लावून रात्री एक ते चार या वेळातला प्रवाह पाहावा. गुरं सहसा सकाळ-संध्याकाळ पाण्यावर येतात. हाळा भरून गेल्यावर त्या तीन तासांत लाइनमधून काहीच वाहायला नको. टाचणीएवढं छिद्र असेल तर तेवढ्या वेळात मीटर १२३ लिटर पुढे सरकतो. वीस किलोमीटर लाइन असो, रान किती का मोठं असो, तो आकडा शून्य नसेल तर सकाळी पाइप पाना, एक कपलर आणि हातभर पाइप घेऊन निघायचं आणि एकेक कॉक बंद करत, पुन्हा मीटर वाचत, गळतीचा तुकडा निम्मा-निम्मा करत जायचं. वीस किलोमीटर पाच वेळा निम्मे केले की सव्वासहाशे मीटर उरतात. पाइप उघड्यावर असला तर तेवढं अंतर पायी पाहायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

ग्रेट आर्टेशियन बेसिनमध्ये अजूनही काही बोअर मोकाट वाहतात आणि काही उघडे पाट शिल्लक आहेत. त्यांना झडप आणि पाइप लावण्याचं काम २०१७ नंतर नव्या सरकारी कार्यक्रमाखाली पुढे चालू राहिलं. ज्या भागांत ते पुरं झालं तिथल्या काही बोअरांचा दाब पुन्हा चढलेला मोजला गेला आहे आणि काही झऱ्यांचा प्रवाहही वाढला आहे.